कातळाच्या पोटातले फुलोरे : वाघोली ते लोणार, पाच दिवस

आमच्या माण तालुक्यातल्या शेतात वडिलांनी विहीर काढायला घेतली तेव्हा मी शाळेत होतो. वरचा मुरूम आणि त्याखालचा काळा कातळ फोडून झाल्यावर ठिसूळ, पांढऱ्या ठिपक्यांचा मांजऱ्या खडक लागला आणि एका दुपारी त्याच्या पोकळीतून बोराएवढा, काचेसारखा स्वच्छ खडा निघाला. आजीने तो देव्हाऱ्यात ठेवला आणि घरात त्याचे नाव ‘हिरा’ पडले. पुढे भूगर्भशास्त्र शिकणाऱ्या माझ्या भाचीने तो हातात घेऊन सांगितले, “मामा, हा हिरा नाही. पण हा काय आहे ते मी आत्ता सांगणार नाही. आपण आधी याच्या भावंडांना भेटून येऊ.” त्या एका वाक्यावर डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही दोघे तिच्या छोट्या गाडीतून निघालो. खडा कापसात गुंडाळून माझ्या खिशात होता.

दिवस पहिला : वाघोली

पुण्याहून नगर रस्त्याने निघालो की वाघोलीच्या आसपास ट्रकांची रांग आणि हवेतली पांढरी धूळ सांगते की आपण दगडखाणींच्या मुलखात आलो. एका खाणमालकांची परवानगी भाचीने आधीच मिळवून ठेवली होती. खाणीच्या काठावर उभे राहून खाली पाहिले तर कातळाची भिंत वहीच्या पानांसारखी थरांची दिसते. प्रत्येक थर म्हणजे एकेका वेळी वाहून आलेला लाव्हा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भेगांमधून बाहेर पडलेला हा लाव्हा थरावर थर साचत गेला. आज उरलेला त्याचा विस्तार सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे आणि पश्चिमेकडे त्याची जाडी दोन किलोमीटरच्या आसपास भरते.

भाचीने मला थराचा माथा आणि बूड ओळखायला शिकवले. लाव्ह्यात मिसळलेले वायू वर येतात, पण पृष्ठभाग लवकर थिजल्यामुळे त्यांचे बुडबुडे तिथेच अडकतात. म्हणून थराचा मधला भाग घट्ट आणि माथ्याकडचा भाग सच्छिद्र असतो. खडी करणाऱ्याला मधला घट्ट दगड हवा असतो आणि आमच्यासारख्याला वरचा पोकळ. लाव्हा निवल्यावर त्या पोकळ्यांमधून गरम पाणी झिरपत राहिले. खडकातले सिलिका, कॅल्शियम आणि ॲल्युमिनियम त्या पाण्याने विरघळवले आणि पोकळ्यांच्या आतल्या भिंतींवर स्फटिकांच्या रूपाने पुन्हा मांडले. हे सगळे एकाच वेळी झाले असेल अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात काही पोकळ्यांतल्या स्फटिकांचे वय २ कोटी वर्षांच्या आसपास निघाले आहे, म्हणजे खडक थंड झाल्यानंतर ४ कोटी वर्षांहून अधिक काळाने त्यांना आकार आला.

दुपारी सुरुंग उडाले. भोंगा झाला, सगळे लांब गेलो, जमीन पायाखालून हलली आणि धूळ बसायला बराच वेळ लागला. त्यानंतर ढिगाऱ्यावर सर्वांत आधी गेले ते साठीचे एक कामगार. त्यांचे घराणे वडार समाजातले असून पिढ्यान्‌पिढ्या दगड फोडत आले आहे. ते दगडाला हात लावण्याआधी त्याचा आवाज ऐकतात. हातोडीने हलकेच टकटक करायचे. भरीव दगड खणखणतो आणि पोटात पोकळी असेल तर आवाज बसतो. तासभराच्या शोधानंतर त्यांनी एक धोंडा दोन घावांत उघडला. आत फिकट गुलाबी झाक असलेल्या, स्टिल्बाईट नावाच्या पांढऱ्या खनिजाचे गुच्छ होते, धान्याची पेंढी मध्ये बांधावी तसे मधोमध आवळलेले. त्या पांढऱ्यावर वाटाण्याहून लहान असे तीन निळे गोळे बसले होते. तो निळा रंग मी आजवर दगडात पाहिला नव्हता.

हे कॅव्हान्साईट. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट या तीन शब्दांच्या पहिल्या अक्षरांवरून त्याचे नाव घडवले आहे. १९६७ साली ते अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात प्रथम सापडले आणि १९७३ साली त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले, पण तिथले नमुने बारीक आहेत. जगभरातल्या संग्रहालयांत जे ठसठशीत निळे गोळे मांडलेले असतात ते वाघोलीच्या खाणींमधून गेलेले आहेत. पेंटागोनाईट हे त्याचे जुळे भावंडही इथे मिळते. दोघांचे रासायनिक घटक तेच, मात्र अणूंची मांडणी वेगळी. पेंटागोनाईटच्या जुळ्या स्फटिकांचा छेद पंचकोनी ताऱ्यासारखा दिसतो. त्या कामगारांनी कॅव्हान्साईट हे नाव ऐकले होते, पण स्वतः ते त्याला ‘निळा माल’ म्हणत होते. “क्रशरमध्ये किती गेला असंल याचा हिशोब नाही, ताई,” ते भाचीला म्हणाले. “आमच्या बापाला म्हाईतच नव्हतं. त्यानं पांढऱ्यासंगं निळाबी खडीत घातला.” बोलताना त्यांचा आवाज खाली गेला. मी नंतर रस्त्याकडेच्या खडीच्या ढिगाकडे त्याआधी पाहायचो तसा पाहू शकलो नाही.

दुपारचे जेवण त्यांच्याच पालात झाले. बाजरीची भाकरी, मेथीची परतलेली भाजी, लसणाचा ठेचा. पैसे घ्यायला घरातल्या वहिनी तयार नव्हत्या. शेवटी मुलांसाठी म्हणून भाचीने वह्या आणून दिल्या.

खाण पाहायची असेल तर परवानगीशिवाय आत पाऊल टाकू नये. डोक्यावर शिरस्त्राण, पायात जाड तळाचे बूट आणि डोळ्यांना चष्मा हवाच, आणि ताज्या फोडलेल्या भिंतीच्या पायथ्याशी उभे राहू नये. विकत घ्यायचे झाल्यास निळा गोळा ज्या जागी पांढऱ्या स्फटिकाला चिकटलेला आहे ती जागा भिंगातून पाहावी, कारण सुटलेले गोळे डिंकाने बसवून विकण्याचे प्रकार होतात.

दिवस दुसरा : सिन्नर

पहाटे निघून नारायणगाव, संगमनेरमार्गे सिन्नरला पोहोचलो. थंडी इतकी होती की गाडीच्या काचा आतून धुरकट होत होत्या. गावातले गोंदेश्वराचे मंदिर उन्हे वर येईपर्यंत पाहिले. यादवकाळातल्या त्या मंदिराचा पाषाणही याच लाव्ह्याचा आहे, आणि इतक्या कठीण दगडात इतकी बारीक नक्षी उतरवणाऱ्या हातांना मनोमन नमस्कार केला.

आमचे खरे ठिकाण होते माळेगाव औद्योगिक वसाहतीतले ‘गारगोटी’ हे खनिज संग्रहालय. नौदलात नोकरी केलेले के. सी. पांडे यांनी आपल्या संग्रहातून ते २००१ साली उभे केले. बाहेरून कारखान्यांच्या रांगेतली एक इमारत आणि आत गेल्यावर दख्खनच्या कातळाचे सगळे अंतरंग. हाताच्या पंजाएवढे स्टिल्बाईट. पोपटी, फिकट हिरवे आणि पाण्यासारखे नितळ ॲपोफिलाईट. सुयांचे पंखे उघडावेत तसे स्कोलेसाईट. आणि कापसाच्या बोंडांसारखे ओकेनाईट. मी काचेपुढे किती वेळ उभा होतो हे भाचीने नंतर सांगितले. एका ओकेनाईटपुढे वीस मिनिटे. त्याचे तंतू केसाहून बारीक असतात. बोट लागले तर एकमेकांना चिकटून बसतात आणि पुन्हा कधीही उभे राहत नाहीत.

स्टिल्बाईट, स्कोलेसाईट ही ज्या कुळातली खनिजे, त्या कुळाला झिओलाईट हे नाव दिले ते स्वीडनच्या ॲक्सेल क्रोनस्टेट यांनी, १७५६ साली. दगड तापवल्यावर त्यातून पाणी उकळून बाहेर पडते हे पाहून त्यांनी ग्रीक भाषेतल्या ‘उकळणे’ आणि ‘दगड’ या दोन शब्दांची जोडी केली. या स्फटिकांच्या सांगाड्यात अतिसूक्ष्म बोगदे असतात आणि त्यांत पाणी राहते. याच गुणामुळे पाणी मृदू करण्यापासून खनिज तेलाच्या शुद्धीकरणापर्यंत झिओलाईट वापरतात, अर्थात तिथे बहुतेक वेळा ते कारखान्यात बनवलेले असतात.

आपल्याकडच्या झिओलाईटांची ओळख जगाला मोठ्या प्रमाणावर झाली ती बोरघाटातल्या रेल्वेच्या कामात. १८६३ साली तो मार्ग खुला झाला. त्याआधी काही वर्षे डोंगर फोडताना, बोगदे खणताना स्फटिकांनी भरलेल्या पोकळ्या उघड्या पडल्या आणि त्यांतले नमुने युरोपात गेले. त्याच कामात पटकीने, तापाने आणि अपघातांनी हजारो मजूर मृत्युमुखी पडले. परदेशी संग्रहालयांतल्या बोरघाटच्या नमुन्यांशेजारी त्या मजुरांचाही एका ओळीत उल्लेख असावा असे मला तिथे उभा असताना फार वाटले.

संग्रहालयातल्या एका जाणकार कर्मचाऱ्यांसमोर मी अखेर कापूस उलगडला. त्यांनी खडा उजेडात धरून सावकाश फिरवला. “बाजूच्या पृष्ठावर या उभ्या रेघा दिसतात का? आणि वरचा सपाट भाग बघा, तो काचेसारखा नाही, मोत्यासारखा चमकतोय. हा ॲपोफिलाईट.” भाची हसली, तिला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. ॲपोफिलाईट झिओलाईटांच्या संगतीने वाढते, पण त्या कुळातले नाही. १८०६ साली फ्रान्सच्या रने ज्युस्त आउई यांनी दिलेल्या त्याच्या नावाचा अर्थ ‘पानापानांनी सुटणारा’ असा आहे, कारण आच लागली की त्याचे पापुद्रे निघतात. आजीने चाळीस वर्षे तो निरांजनापासून वीतभर अंतरावर ठेवला होता, हे आठवून मी तो लगेच पुन्हा कापसात गुंडाळला.

संग्रहालयासाठी किमान तीन तास ठेवावेत. जवळ भिंग असल्यास उत्तम.

दिवस तिसरा : नाशिक, आणि अवकाळी पाऊस

सकाळी नाशिकमध्ये एका वयस्क संग्राहकांच्या घरी गेलो. पांडवलेण्याच्या परिसरातल्या जुन्या खाणींमधून आलेले पॉवेलाईट त्यांच्याकडे आहे. हे कॅल्शियम आणि मॉलिब्डेनमचे खनिज, दिसायला मधासारखे पिवळसर आणि शांत. आजोबांनी खोलीचे पडदे ओढले, आम्हाला चष्मे दिले आणि अतिनील किरणांचा दिवा लावला. त्या खड्यातून सायीच्या रंगाचा पिवळा उजेड फुटला. खोलीतली बाकीची खनिजे अंधारात तशीच राहिली आणि तो एकच खडा समईसारखा तेवत होता. (असा दिवा घरी वापरणाऱ्यांनी त्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नये.)

“तुम्ही सगळ्यांत जुनं काय पाहिलंत?” असे मी त्यांना विचारले. त्यांनी उत्तर दिले ते स्वतःच्या संग्रहाबाहेरचे. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्समध्ये झिरकॉन या खनिजाचे कण सापडले आहेत, त्यांतला सर्वांत जुना सुमारे ४४० कोटी वर्षांचा आहे. पृथ्वीवरच घडलेला तेवढा जुना दुसरा तुकडा अजून सापडलेला नाही, आणि तो वाळूच्या कणाएवढा. “त्याच्यापुढे आपला दख्खन कालचा,” आजोबा म्हणाले, “पण इतकं सौंदर्य त्या कणात नाही हो.” हे मत त्यांचे आहे आणि मला ते पूर्ण मान्य आहे.

चांदवडच्या पुढे राहूड घाटात पावसाने गाठले. डिसेंबरातला पाऊस, द्राक्षबागांवर लोक प्लास्टिक ओढत धावत होते आणि ते पाहून आमचेही मन घाबरे झाले. आम्ही एका चहाच्या टपरीत थांबलो. पाऊस उघडला, तिरपे ऊन आले आणि टपरीमागच्या, रस्त्यासाठी तासलेल्या दरडीवर शेकडो ठिकाणी एकदम चमक उठली. धूळ धुऊन गेल्यावर बुडबुड्यांच्या जागी बसलेले स्फटिक दिसू लागले होते. टपरीवाले काका वीस वर्षे तिथे बसतात. त्यांनी सांगितले, “पाऊस पडला की असं होतं. आम्ही म्हणतो, डोंगर हसतोय.”

रात्री जळगावात मुक्काम केला. काट्यांवर भाजलेल्या हिरव्या वांग्यांचे भरीत आणि कळण्याची भाकरी, सोबत कांद्याची पात. भरितासाठी जायचे तर थंडीतच जावे.

दिवस चौथा : अजिंठा

जळगावपासून अजिंठा सुमारे ६० किलोमीटर आहे. लेणी सोमवारी बंद असतात. फर्दापूरच्या तिठ्यावर स्वतःचे वाहन ठेवून तिथल्या बसने पुढे जावे लागते.

अजिंठ्याला खनिजांसाठी जावे हे ऐकून अनेकांना नवल वाटले. परंतु वाघूर नदीच्या वळणावरचा तो कडा म्हणजे लाव्ह्याचेच थर आहेत, आणि भिंतीवरची चित्रे म्हणजे दळलेली खनिजे आहेत. तांबडा आणि पिवळा रंग लोहयुक्त मातीचा, म्हणजे गेरू आणि पिवडीचा. हिरवा रंग हिरव्या मातीचा. सेलाडोनाईट नावाचे हे खनिज बेसाल्टच्या, म्हणजे लाव्ह्याच्या या काळ्या खडकाच्या, पोकळ्यांना आतून हिरव्या सालीसारखे लपेटून असते. वाघोलीत आम्ही ज्या पोकळ्या पाहिल्या, त्यांतल्या काहींच्या कडेला तीच हिरवी साल होती. निळा रंग मात्र इथला नाही. पाचव्या शतकातल्या चित्रांमधला निळा म्हणजे लाजवर्द हा निळा दगड, आणि तो आला अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींमधून.

पहिल्या लेण्यात पद्मपाणीच्या चित्रासमोर मंद उजेडात उभा असताना माझ्या मनात हा प्रवास उलटा चालू झाला. चित्रकाराने हिरवा रंग पायाखालच्या कातळातून काढला, निळ्यासाठी हिंदुकुशापर्यंतच्या व्यापाऱ्यांवर विसंबला. वाघोलीचा निळा खडकाच्या पोटात तेव्हाही होता. कुणाच्या दृष्टीस तो पडला नाही, आणि पडला असता तरी त्या इवल्याशा गोळ्यांतून भिंत रंगवण्याइतका रंग निघाला नसता.

परतताना फर्दापूरजवळ नांगरलेल्या काळ्या रानात एका शेतकरी दादांनी बांधावर गोळा केलेले दगड दाखवले. त्यांत तांबूस, पट्ट्यापट्ट्यांचे अकीक होते. तेही त्याच पोकळ्यांचे अपत्य. बेसाल्ट झिजून त्याची काळी माती होते आणि कठीण अकीक मागे उरतो. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक भाषेतल्या व्यापारी टिपणात पैठणहून गाड्यांवर लादून असा दगड भडोच बंदराकडे मोठ्या प्रमाणात जात असल्याची नोंद आहे. दादांनी दोन खडे भाचीच्या हातावर ठेवले आणि मला विचारले, “याचं काय येतं का हो?” मी खरे तेच सांगितले की, एकेका खड्याचे फार येत नाही. “मग पोरांना खेळायला बरे आहेत,” म्हणून त्यांनी उरलेले परत बांधावर ठेवले.

संध्याकाळी बुलढाणा, चिखली, मेहकर या मार्गाने लोणारला पोहोचायला रात्र झाली.

दिवस पाचवा : लोणार

सूर्योदयाला आम्ही काठावर होतो. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते गोल विवर, तळाशी हिरवट पाणी, कडेने झाडी आणि झाडीतून येणारा मोरांचा आवाज. १८२३ साली जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. ते ज्वालामुखीचे तोंड आहे की उल्कापाताची जखम, हा वाद त्यानंतर दीर्घकाळ चालला. त्याचा निकाल ज्या पुराव्यांनी लावला त्यांतला एक खनिजाचा होता.

बेसाल्टमध्ये फेल्डस्पार नावाचे साधे, पांढरट खनिज असते. प्रचंड वेगाने येणाऱ्या वस्तूचा आघात झाला की त्याची स्फटिकरचना क्षणार्धात मोडते. ते न वितळताच काच होते आणि बाहेरचा आकार मात्र स्फटिकाचाच राहतो. त्याला मास्केलिनाईट म्हणतात. ज्वालामुखी असा दाब देऊ शकत नाही. लोणारच्या खडकात मास्केलिनाईट सापडले आणि उल्कापाताचा पक्ष भक्कम झाला. हे खनिज पहिल्यांदा ओळखले गेले ते मात्र एका उल्केत, आणि ती उल्काही भारतातच पडली होती : २५ ऑगस्ट १८६५ रोजी, बिहारमधल्या शेरघाटी इथे. १८७२ साली तिच्यातल्या या काचेला नाव मिळाले आणि कितीतरी वर्षांनी कळले की तो दगड मंगळावरून आलेला आहे. मंगळाचा पृष्ठभागही बहुतांशी बेसाल्टचाच असल्याने तिथल्या विवरांचा अभ्यास करणारे लोणारला येतात. आपल्या मराठवाडा-विदर्भाच्या सीमेवरच्या एका गावातून मंगळ वाचता येतो, याचा मला विलक्षण आनंद झाला.

खाली उतरायला पाऊण तास लागला. पाणी खारट आणि क्षारीय असून किनाऱ्यावर पापडीसारखे पांढरे थर दिसतात. हे क्षार काढण्याचा उद्योग इथे पूर्वी चालत असे. कमळजा देवीच्या देवळापाशी वनखात्याचे एक रखवालदार भेटले. त्यांनी २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झाले होते त्या दिवसांची हकीकत सांगितली : पाणी आटून क्षारता वाढली आणि खारात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांनी तो रंग दिला. त्याच वर्षी सरोवर जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेले. भाची वाकून एक दगड पाहत होती, तेव्हा त्यांनी नम्रपणे सांगितले, “ताई, बघा खुशाल, पण उचलू नका. प्रत्येकानं एकेक नेला तर विवर कशाचं राहील?” तिने तो जिथे होता तिथेच, त्याच बाजूने ठेवला.

लोणारला उतरायचे तर पहाटे उतरावे, पाणी स्वतःचे न्यावे आणि चढताना उन्हाच्या आत वर यावे. वर आल्यावर ‘धार’ नावाच्या झऱ्याच्या गार पाण्याने तोंड धुतले, आणि दैत्यसूदनाचे देऊळ पाहून गावातल्या एका घरगुती खानावळीत ज्वारीची भाकरी, झुणका आणि तर्रीदार वांग्याची भाजी जेवलो.

परतीच्या वाटेवर माणमध्ये गावी थांबलो. खडा देव्हाऱ्यात परत गेला, पण आता निरांजनापासून दूरच्या कोपऱ्यात. मग दोघे विहिरीवर गेलो. यंदा पाऊस बरा झाल्याने पाणी वर होते. भाचीने काठावर पालथे पडून विजेरीचा झोत आत टाकला. पाण्याच्या लगेच वर काळ्या भिंतीत पांढऱ्या ठिपक्यांचा एक पट्टा सुरू होताना दिसला आणि तो पाण्याखाली गेला होता. वडिलांना खडा मिळाला तो थर हाच. मे महिन्यात पाणी खाली गेले की दोर लावून तिथवर उतरायचे, असे आमचे ठरले आहे.